बाराही महिने गाभण

गप्पीची मादी घेताना गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, "भाभीजी, प्रेग्नंट है क्या?" विचारणारे दोन तऱ्हेचे. काहींना एका माशाच्या पैशात पंचवीस हवे असतात. काहींना, म्हणजे शाळकरी पोरांना आणि त्यांना हाताशी धरून आलेल्या आज्यांना, घरात काहीतरी जन्माला येताना बघायचं असतं. दोघांनाही मी एकच सांगते: नरांबरोबर वाढलेली मोठी मादी आहे, तेव्हा आहेच असं धरून चाला.

हे मी माल खपवायला बोलत नाही. गप्पी अंडी घालत नाही, पोटातच वाढवून जिवंत, पोहती पिल्लं देते, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं ठाऊक नसतं. नराचं बीज एकदा मिळालं की मादी ते महिनोन्‌महिने पोटात राखून ठेवू शकते आणि पुढच्या कित्येक वेतांना पुरवून वापरते. त्यामुळे "हमने तो अकेली रखी थी, फिर बच्चे कहाँ से आ गए?" असं म्हणत कुणी जिना चढून वर आलं तरी मला नवल वाटत नाही. एका वेताला साधारण तीन ते चार आठवडे लागतात; पाणी उबदार असेल तर कमी, गार असेल तर जास्त. व्याल्यावर थोड्याच दिवसांत आत पुढच्या वेताची तयारी सुरू होते. वयात आल्यापासून म्हातारी होईपर्यंत ती रिकामी अशी क्वचितच असते.

या एका गोष्टीने माझ्या कामाची सगळी घडी बसवली आहे. आपल्याकडे दिवस गेले म्हटलं की डोहाळे, ओटी, लाड, आणि शेवटी पेढे. त्याच सवयीने माणसं गप्पीकडे बघतात. पोट दिसलं की धावपळ, पिल्लं झाली की विसर. पण जी बाराही महिने गाभण असते तिचे चार दिवस लाड करून भागत नाही. तिला रोजचं, कंटाळवाणं, न चुकणारं करणं लागतं. ते करणारा माणूस मिळाला तर तिचं बाळंतपण कधी झालं हे कुणाला कळतही नाही.

माझं काम चालतं ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात, आमच्या घराच्या मागच्या खोलीत. महाराज बाड्याच्या गर्दीतून वाट काढत आलात की आमची गल्ली. खाली दुकानं, वर माणसं. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिचं लष्कर शहर झालं, आणि त्या छावणीबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी. मागच्या खोलीत पूर्वी सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आणि जुने हंडे होते. आता लोखंडी अँगलच्या मांडणीवर काचेच्या टाक्या आहेत, खाली झाकणाचे ड्रम आहेत आणि हवेच्या पंपाची दिवसरात्र घरघर आहे. शहरातल्या काही दुकानदारांना मी गप्पी पुरवते, थोडी किरकोळ विक्री घरूनही होते.

दुकानदार माझ्याकडून घेतात त्याला कारण आहे. शोभेचा मासा आपल्या देशात मुख्यतः कोलकात्याकडून आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागातून येतो. प्राणवायू भरलेल्या पिशव्या, त्या थर्मोकोलच्या खोक्यात, आणि खोका रेल्वेच्या पार्सलात. नर गप्पी हा प्रवास बऱ्यापैकी सोसतो. पोटुशी मादी मात्र पुष्कळदा पिशवीतच व्यायते. त्या कोंडलेल्या पाण्यात पिल्लं एक तर चिरडतात, नाही तर शेजारणींच्या पोटात जातात. काही वेळा दिवस भरायच्या आधीच बाहेर पडतात, पोटाखाली बलकाची पिवळी पिशवी तशीच लटकत असते आणि ती तळाशी पडून राहतात. खोका उघडला की मादी रोडावलेली, शेपूट मिटलेली. माझ्या माद्या फार तर रिक्षाने शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जातात. जन्मापासून ग्वाल्हेरचंच पाणी पीत आल्यात, त्यामुळे दुकानात गेल्यावर त्यांना नवं काही लागत नाही.

माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे गप्पी मासा म्हणजे हिवतापवाल्यांचा मासा. आरोग्य खात्याची माणसं यायची, सिमेंटच्या टाकीत, वापरात नसलेल्या विहिरीत मूठभर मासे सोडायची आणि डासांच्या अळ्यांविषयी चार शब्द सांगून जायची. त्या करड्या, चिमुकल्या माशाला कुणी शोभेचा म्हटलं नसतं. इथे लग्न होऊन आल्यावर तोच मासा निळ्या-नारिंगी झुपकेदार शेपटीचा, जोडीच्या भावाने विकताना पाहिला. जात एकच, माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून शेपटी वाढवली आणि रंग गडद केले. मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, व्हेनेझुएला आणि त्रिनिदादच्या ओढ्यांत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, त्यावरून आज तो पोइसिलिया रेटिक्युलाटा. पण १८६६ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंटर यांनी त्याला नवीनच मासा समजून, नमुने पाठवणाऱ्या त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांचं नाव दिलं. शास्त्रात ते टिकलं नाही, बाजारात टिकलं.

आता पाण्याविषयी, कारण माझा निम्मा दिवस त्यातच जातो. आमच्या नळाला येतं ते तिघरा धरणाचं पाणी. सांक नदीवरचं हे धरण संस्थानाच्या काळातलं, १९१६ चं. विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, तसेच पुढे इथेही बसवले. हे पाणी मोतीझीलला शुद्ध होऊन येतं, म्हणजे क्लोरीन घेऊन येतं. आपल्याला तो वास आला न आला, माशाच्या कल्ल्यांना तो जाळतो. म्हणून नळाचं पाणी थेट टाकीत कधी जात नाही. आधी ड्रममध्ये, ड्रमचं तोंड उघडं, आत हवेची नळी, आणि पूर्ण एक दिवस थांबणं. घाई असेल त्याच्यासाठी बाजारात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात, मीही बाटली ठेवते. पण उन्हाळ्यात पाऊस लांबला आणि नळ एक दिवसाआड आला, की थेंबांनी पाणी तयार होत नाही, साठा लागतो. त्या दिवसांत आमच्या घरी आधी माशांचा ड्रम भरतो, मग कूलरची टाकी. यावरून घरात दरवर्षी बोलणी होतात.

आठवड्यातून एकदा प्रत्येक टाकीतलं पाव हिस्सा पाणी नळीने ओढून काढायचं, तळाची घाण त्याबरोबर काढायची, आणि तेवढंच थांबलेलं पाणी हळूहळू भरायचं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही. काच लख्ख घासून, खडे उकळून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून धुणारी माणसं मोठ्या मायेने धुतात आणि टाकी मारून टाकतात. त्या स्पंजमध्ये जे बुळबुळीत बसलेलं असतं ते जिवाणू असतात; माशाच्या मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करण्याचं काम तेच करतात. नव्या टाकीत त्यांना बस्तान बसवायला महिनाभर, कधी दीड महिना लागतो. स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, बस.

पोटुशी मादी या अमोनियाच्या विषाला सगळ्यांत आधी बळी पडते, आणि नेमकं तिच्यासाठीच माणसं ते वाढवतात. "दो जान की है" म्हणून खाणं दुप्पट. खाल्लं न गेलेलं खाणं तळाशी कुजतं, त्याचा पुन्हा अमोनिया. मग ती वर येऊन तोंड उघडझाप करत राहते आणि घरचे म्हणतात, भूक लागली बिचारीला. मी सांगते, दिवसातून दोनदा-तीनदा, पण दोन मिनिटांत संपेल एवढंच. कोरडं खाद्य बोटांनी चुरून, अधूनमधून जिवंत डाफ्निया (पाणपिसवा) किंवा डासाच्या अळ्या, आणि कधी उकडलेल्या मटाराचा सोललेला, कुस्करलेला दाणा, पोट साफ राहायला.

दुसरं प्रेम आर. ओ.च्या पाण्याचं. जवळच राहणाऱ्या एका आजी नातवासाठी दोन माद्या घेऊन गेल्या. पंधरवड्याने म्हणाल्या, "वहिनी, आम्ही पितो तेच पाणी देतो त्यांना, तरी मलूल का गं?" म्हणूनच मलूल. आर. ओ.चं यंत्र पाण्यातले क्षार काढून टाकतं आणि गप्पीला नेमके ते हवे असतात. ती जड पाण्याची मासोळी. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं, थोडं अल्कधर्मी पाणी तिला मानवतं. पोटातल्या पिल्लांची हाडंही त्यातूनच भरायची. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे थर चढतात, बायकांचे केस खराब होतात, साबणाला फेस येत नाही. गप्पीला मात्र ते चालतं. आजींना मी थांबलेलं नळाचं पाणी रोज थोडंथोडं मिसळायला सांगितलं, एकदम नव्हे. एकदम बदललेलं चांगलं पाणीही तिला बाधतं.

आणि ऋतू. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो आणि जानेवारीच्या पहाटे पारा पाचाच्या खाली घसरतो. गप्पीला हवं चोवीस ते अठ्ठावीस. म्हणजे वर्षातले बरेच महिने बाहेरची हवा तिच्या विरुद्धच. तापलेल्या पाण्यात दुहेरी अडचण होते. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांत साडेसातच्या आसपास. आणि उष्म्याने माशाची गरज मात्र वाढलेली असते. पोटात तीस पिल्लं असलेल्या मादीला हा फरक झेपत नाही. मे महिन्यात मी खिडक्यांना खसचे पडदे लावते, टाक्यांची झाकणं काढून वर जाळी टाकते आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ देते. पाण्याची वाफ होते तसं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकायचा नाही. खाली दुकानातला मुलगा दरवर्षी बर्फाची लादी आणून देऊ का विचारतो आणि दरवर्षी मी नको म्हणते.

थंडीत उलटं. प्रत्येक टाकीत पंचवीस अंशांवर लावलेला हीटर, बाहेरून तीन बाजूंना थर्मोकोल. रात्री वीज गेली तर जुनी गोधडी टाकीवर. हवेचा पंप तेवढा इन्व्हर्टरवर असतो, कारण गारठ्याने मासा मंदावतो पण हवेवाचून मरतो. त्याच महिन्यांत लग्नाच्या वराती. डीजेची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की टाकीच्या काचेवर बोट ठेवलं तर थरथर कळते. नर सैरावैरा पळतात आणि दिवस भरलेल्या माद्या झाडांच्या बुडाशी एका जागी आक्रसून राहतात. टाक्यांखाली मी जाड थर्मोकोल घातलं आहे, त्याने थोडी थरथर कमी होते. वरात तर थांबवता येत नाही.

दिवस भरलेत हे ओळखायचं कसं, हे शिकायला डोळा तयार व्हावा लागतो. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला, खालच्या परापाशी, एक गडद त्रिकोणी डाग असतो. तो आधी फिकट, मग दिवसागणिक मोठा आणि काळा होत जातो. फिकट रंगाच्या मादीत शेवटच्या आठवड्यात त्या डागात आणखी काळे बारीक ठिपके दिसू लागतात, ते पिल्लांचे डोळे. पोट आधी गोल असतं, शेवटी शेवटी समोरून चौकोनी होतं, छातीखाली जवळजवळ काटकोन पडतो. नुसतं जास्त खाल्लेल्या मादीचं पोट गोल राहतं आणि एक दिवस उपास घातला की उतरतं. पोट फुगून खवले अंगापासून उभे राहिले असतील तर ते गाभणपण नव्हे, जलोदर; तिला लगेच वेगळं काढावं.

मग ती वेळ येते. मादी घोळक्यातून बाजूला होते. हीटरच्या मागे किंवा कोपऱ्यातल्या झाडापाशी जागच्या जागी तरंगते, कल्ले भराभर हलतात, समोर टाकलेलं खाणं तोंडात घेऊन थुंकते. मधूनच अंगाला एक झटका देते. बराच वेळ काही होत नाही. मग डागापाशी काहीतरी गोल, काळसर दिसतं आणि पुढच्या झटक्याला एक गुंडाळी खाली पडते. पडता पडता ती उलगडते. जिऱ्याएवढं पिल्लू, त्यात निम्मे डोळेच. क्षणभर तळाला टेकतं, शेपटी दोनदा हलवतं आणि सरळ वरच्या पानांत घुसतं. मागून दुसरं. कधी दोन लागोपाठ, कधी मध्ये पंधरा मिनिटं, असं काही तास. मध्येच मादी मागे वळते आणि आत्ताच सोडलेल्या पिल्लावर झडप घालते. पहिल्यांदा बघणाऱ्या बायका इथे "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवतात. तिला आईपण कळत नाही असं मी म्हणत नाही. तिच्यासमोर हलणारं लहान काही आलं की ते खाणं, एवढंच तिच्या अंगात आहे. आपलं काम तिला दोष देणं नाही, मध्ये पानं ठेवणं आहे.

इथे गिऱ्हाईक प्लास्टिकची ब्रीडिंग पेटी मागतं. टाकीत लटकवायची चिमुकली डबी, मादी वर, फटीतून पिल्लं खाली. दुकानांत ती भरपूर खपते. मी ठेवत नाही. मूठभर पाण्यात डांबलेली मादी भिंतींना तोंड आपटत राहते, कधी वेत रोखून धरते, कधी अपुऱ्या दिवसांची पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीचा एक कोपरा हायड्रिलाने आणि जावा मॉसने दाटून टाकावा, वर तरंगणारी झाडं सोडावीत. नव्या पिल्लाचा ओढा वरच्या, झाकलेल्या पाण्याकडे असतो; ते आपोआप तिथे जातं. एखाददुसरं खाल्लं जाईल, बाकीची राहतील. सगळीच वाचवायची असतील तर मादीला दिवस भरायच्या आठवडाभर आधी त्याच पाण्याने भरलेल्या वेगळ्या टाकीत हलवावं आणि व्याली की काढून घ्यावं. शेवटच्या दिवशी जाळीने पकडून हलवणं सगळ्यांत वाईट. त्याहून वाईट म्हणजे अडलेल्या मादीचं पोट दाबून पिल्लं काढायची. असलं कुणी सुचवलं की मी तिथल्या तिथे तोडते. अडली तर पाणी स्वच्छ, गरमाई स्थिर, उजेड कमी, आणि आपण लांब. तरीही कधी कधी मादी जाते. त्यावर आपल्या हातात काही नसतं.

व्याल्यावर तिला नरांपासून दोन-तीन दिवस सुटका मिळाली तर बरं. नर थकलेल्या मादीचाही पिच्छा सोडत नाहीत. मुळात टाकीत एका नरामागे तीन माद्या ठेवल्या की त्रास वाटला जातो. ही साधी गोष्ट लोकांना पटत नाही, कारण रंग नरांना असतो. सहा नर, एक मादी असा संसार थाटून वर विचारतात, मादीच का मरते दरवेळी?

पिल्लांचं काम खरं तर तिथून पुढचं. पहिले दोन आठवडे दिवसातून चार-पाच वेळा, बोटाच्या टोकावर मावेल एवढं, पीठ केलेलं खाद्य. मी आर्टेमियाची अंडी उबवते. मिठाच्या पाण्यात, उलट्या बाटलीत, हवेच्या नळीने घुसळत ठेवलं की दिवसभरात नारिंगी धूर दिसावा इतके बारीक जीव बाहेर येतात. गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यायचे. उकडलेल्या अंड्याचा बलकही चालतो, पण कणभर, कारण पाणी त्याने तासाभरात दूध होतं. महिन्याच्या आत माद्यांच्या पोटाशी डागाची खूण दिसू लागते. त्याच वेळी नर-मादी वेगळे काढायचे. उशीर झाला की भाऊबहिणींतच पुढचं वेत ठरतं आणि चार पिढ्यांत शेपट्या वाकड्या, पाठी कुबड्या निघू लागतात.

पैदाशीसाठी मादी निवडताना मी पिल्लांची संख्या बघत नाही. दुकानदाराला संख्या हवी असते, आणि निवडीची दिशा बदलली की काय होतं याचा मोठा प्रयोग त्रिनिदादच्या ओढ्यांत झालेला आहे. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये मोठ्या शिकारी माशांच्या सोबतीने जगणारे गप्पी उचलून, ते शिकारी नव्हते अशा ओढ्यात सोडले. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी पुढे त्यांचा माग ठेवला. १९९० साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की अकरा वर्षांत त्या गप्पींचं आयुष्यच बदललं. मागे शिकारी असताना माद्या लवकर वयात येत, पुष्कळ पण बारकी पिल्लं देत. भय सरलं तशा उशिरा वयात येऊ लागल्या, पिल्लं कमी पण मोठी देऊ लागल्या. हे वाचल्यापासून मी मनाशी ठरवलं की माझ्या खोलीत बाजाराने शिकारी व्हायचं नाही. जिची पिल्लं थोडी पण पहिल्या दिवसापासून तरतरीत, तिच्या मुली मी ठेवते.

उरलेल्यांचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. तीस पिल्लं, त्यातल्या निम्म्या माद्या, आणि अडीच-तीन महिन्यांत त्याही पोटुशा. लोकांना मग पुण्य आठवतं. बैजातालात सोडू, किल्ल्यावरच्या कुंडात सोडू, तिघऱ्याला सहलीला जाऊ तेव्हा सोडू. मी हात जोडते. बंद टाकीत हिवतापासाठी आरोग्य खात्याने सोडणं वेगळं. मोकळ्या पाण्यात हा परका मासा तिथल्या माशांची अंडी, पिल्लं, खाणं सगळं फस्त करतो, आणि एक मादी सोडली तरी पोटातल्या साठ्यावर तिचं गोकुळ होतं. त्यापेक्षा पिल्लं मोठी झाली की माझ्याकडे आणा, बदल्यात खाद्याची पुडी न्या, असा माझा उघड सौदा आहे. शेजारपाजारच्या मुलांचा हाच खाऊचा पैसा.

अलीकडे बायका धंद्यासाठीही विचारायला येतात. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या जागेत शोभेचे मासे वाढवायला अनुदान आहे, स्त्रियांना साठ टक्क्यांपर्यंत, त्याची माहिती घेऊन येतात आणि बोलता बोलता मादीच्या पोटाकडे बघत म्हणतात, "काकू, किती गोड दिसते हो!" गोड दिसते खरी. मी त्यांना ड्रम दाखवते, पाणी बदलायची वही दाखवते, आणि मग घरगुती गिऱ्हाइकाला विचारते तेच दोन प्रश्न विचारते. तीस पिल्लं झाली तर ठेवाल कुठे? आणि इंदूरला लग्नाला आठ दिवस गेलात तर इथे पाणी कोण बघेल?

उत्तर तयार असेल त्याला मादी मी खुशीने देते, जाताना मॉसचा झुपका फुकट. विचारात पडला तर म्हणते, दोन नर घेऊन जा. रंग तर सगळे त्यांच्याकडेच आहेत.